नावं-तारखा पाठ, पण रस्ता चुकतोय

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत, आयुष्यभर गाडी चालवली, रस्त्यांची अडचण कधीच नव्हती. हल्ली मात्र नेहमीच्याच रस्त्यावर वळण चुकतात, आणि एकदा तर गाडी बाजूला घेऊन मला फोन केला की मी नक्की कुठंय तेच कळेना. बाकी नावं, तारखा, बँकेचे व्यवहार एकदम चोख. भाऊ म्हणतो वयामुळे लक्ष राहत नाही, उगाच घाबरू नकोस. अल्झायमरमध्ये आधी विसरायला होतं ना, मग हे काय?

उत्तर : ताई, भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. गप्पांच्या नादात वळण मागे राहिलं आणि थोडं पुढे गेल्यावर माणसाने स्वतःच गाडी फिरवली, तर ते लक्षाचं काम. एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणं वयाबरोबर सगळ्यांनाच जड जातं, शिवाय अपुरी झोप, डिप्रेशन, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, काही औषधं यांनीही तसं होतं, आणि यातलं बरंचसं सुधारता येतं. पण ओळखीच्या ठिकाणी आपण कुठे आहोत आणि घर कुठल्या बाजूला हेच न उमगणं वेगळं, म्हणून तो फोन मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण सांगते. अल्झायमरमध्ये टाऊ प्रोटीनच्या गाठी मेंदूच्या ज्या भागात अगदी लवकर दिसतात, त्यातला एक एन्टोरायनल कॉर्टेक्स, आणि आपण कुठे आहोत याचा हिशोब ठेवणाऱ्या ग्रिड सेल्स तिथेच असतात. या पेशी २००५ मध्ये मोझर दांपत्याच्या टीमने शोधल्या, २०१४ चं नोबेल त्यांना आणि जॉन ओकीफ यांना मिळालं. त्यामुळे आठवण शाबूत असताना दिशेचा गोंधळ आधी दिसू शकतो. सी हिरो क्वेस्ट नावाच्या मोबाइल गेमवरचा २०१९ चा अभ्यास बघा, एपीओई-४ हा जोखमीचा जीन असलेल्या लोकांची मेमरी टेस्ट ठीक होती पण गेममध्ये ते जास्त लांबचा रस्ता घेत होते. अर्थात हे गटाचं चित्र आहे, एका माणसाचं निदान अशा गेमवरून होत नाही, तेव्हा बाबांच्या हातात तो देऊन परीक्षा घेऊ नका प्लीज.

आणि लक्ष कमी झालंय म्हणजे काळजी नाही, असंही नाही हं. सावध ठेवणारा लोकस सेरुलियस नावाचा छोटासा भाग ब्रेनस्टेममध्ये असतो, टाऊ तिथेही फार लवकर दिसतो.

आता करायचं काय, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा, आणि जाताना कुठे चुकले, तेव्हा गाडीत कोणी बोलत होतं का, स्वतःहून सावरले का, हे लिहून न्या. डॉक्टर ब्लड टेस्ट, ऐकण्या-बघण्याची तपासणी, लागला तर एमआरआय सांगतील. तोपर्यंत बाबांना एकट्याने गाडी चालवू देऊ नका. हे त्यांना चारचौघात नका सांगू, मुलांसमोर कमीपणा वाटला की माणूस लपवायला लागतो आणि मग तपासणी आणखी लांबते.

प्रश्न : मला लहानपणापासून रस्ते लक्षात राहत नाहीत, मॅप लावल्याशिवाय कुठेच जात नाही. मलाही अल्झायमर होणार का?

उत्तर : नाही, तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. दिशाज्ञान माणसागणिक खूप वेगळं असतं. आम्ही बघतो ते आधी जमत होतं आणि आता जमत नाही, हा बदल. तुमचं पहिल्यापासून असंच आहे, तर मॅप खुशाल वापरा.