कोविडमध्ये घसा दुखत असताना लग्नाला गेलो, दोन दिवसांत बराही झालो, मग यात माझं चुकलं काय?

तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. एप्रिल २०२१, दुसरी लाट, घसा दुखत होता, थोडी कणकण होती, टेस्ट केली नाहीत, चुलतभावाचं लग्न होतं म्हणून गेलात, नंतर दोन दिवसांत ठणठणीत. आणि मित्र अजून त्यावरून धड बोलत नाही. तुमचं म्हणणं असं की मला काहीच झालं नाही आणि ज्यांना भीती होती त्यांनी घरात बसायचं होतं.

मित्राचं बरोबर आहे. पण ते "घरात बसायचं होतं" आहे ना, त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण त्या दोन वर्षांत ते मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून इतकं ऐकलंय की अजून कुणी म्हटलं की पोटात कालवतं.

माझे वडील डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. बाहेर लॉकडाऊन असो नाहीतर काही असो, जावंच लागतं, कारण डायलिसिस चुकलं की अंगात पाणी साठतं, धाप लागते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि ते हृदयावर जातं. म्हणजे ज्या माणसाला कोविडचा सगळ्यात जास्त धोका तोच माणूस आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडणार, रिक्षात बसणार, लिफ्टमध्ये शिरणार. त्याला घरात बसायचा पर्यायच नव्हता हो. केमो चालू असलेल्यांचं तेच, नववा महिना लागलेल्या बाईचं तेच.

आणि तो डायलिसिसचा हॉल तुम्ही कदाचित बघितला नसेल म्हणून सांगते. आत गेल्या गेल्या आधी वजनकाटा, मागच्या वेळेपेक्षा किती वाढलंय त्यावरून किती पाणी काढायचं ते ठरतं. मग फिस्तुला केलेल्या हातात (म्हणजे सुया लावता याव्यात म्हणून ऑपरेशनने शीर आणि धमनी जोडलेल्या हातात) दोन जाड सुया, आणि मशीन सुरू झालं की बाबांना थंडी भरायची म्हणून घरून नेलेली चादर गळ्यापर्यंत. तो हात चार तास हलवायचा नाही. बेडला बेड लागून, खिडक्या बंद, एसी चालू. सुया लावणारा टेक्निशियन अगदी तोंडाजवळ वाकलेला, आणि तोसुद्धा कुठल्यातरी घरातूनच आलेला असतो ना, त्याच्या घरातलं कोण कुठल्या लग्नात जेवून आलंय ते त्याला तरी काय माहीत.

त्याच सुमारास एका पेशंटचा नातेवाईक रोज आत यायचा, मास्क हनुवटीवर, खोकतोय, कुणी बोललं की "एसीची सर्दी आहे ओ". सिस्टरांनी दोनदा बाहेर काढलं, परत आत. काही दिवसांनी त्याच बॅचमधले काहीजण पॉझिटिव्ह आले. पॉझिटिव्ह आलं की नेहमीच्या सेंटरला घेत नाहीत, कोविड पेशंटचं डायलिसिस करणारी ठिकाणं मोजकीच, तिथे नंबर मिळेपर्यंत नातेवाईक फोनवर फोन करत बसतात आणि इकडे पेशंटच्या अंगावरची सूज वाढत जाते. बाबांच्या शेजारच्या बेडवरच्या काकू गेल्या त्यात. मुलीच्या बाळंतपणासाठी दुपटी शिवत होत्या, मशीन चालू असताना त्याबद्दल बोलायच्या.

त्या माणसामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. तेव्हा शहरभर साथ होती, कुणाकडून कुणाला गेला हे कळायला मार्गच नव्हता. पण म्हणूनच तुमचं "मला काहीच झालं नाही" मला पटत नाही. तुमच्या मांडवातून व्हायरस कुठपर्यंत गेला हे तुम्हाला कधी कळणारच नव्हतं. वाईट बातमी आली नाही म्हणजे वाईट घडलं नाही असा हिशोब नका लावू.

एका लग्नाचा माग मात्र शेवटपर्यंत काढला गेला. अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे, तिथे ७ ऑगस्ट २०२० ला मिलिनॉकेट या छोट्या गावात लग्नाचं रिसेप्शन झालं, माणसं फक्त ५५. दारावर ताप तपासला होता, मास्क घाला असे बोर्डही होते, पण आत कुणी फार पाळलं नाही. आरोग्य खात्याने साखळी शोधली तेव्हा १७७ केसेस निघाल्या आणि ७ मृत्यू. आणि मेलेल्या सातांपैकी एकही जण त्या लग्नाला गेलेला नव्हता! लग्नाला आलेल्या एका पाहुण्याच्या घरचं माणूस दीडशे किलोमीटरहून लांब एका वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी कामाला होतं, तिथे व्हायरस शिरला आणि सातांपैकी सहाजण तिथले म्हातारे. तो पाहुणाही तुमच्यासारखाच बरा झाला असेल, पण म्हाताऱ्यांच्या अंगात गेल्यावर व्हायरसने त्याचा कुठे विचार केला? आपल्याला सौम्य झाला म्हणून पुढच्यालाही सौम्यच होणार असं काही नसतं.

आता, लक्षणं यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस कोविड पसरवू शकतो हे खरं आहे. त्या काळात कुणी कुठे गेलं असेल तर मी एका शब्दाने बोलणार नाही, त्याला कळणार कसं. तुम्हाला कळलं होतं. घसा दुखत होता, कणकण होती, आजूबाजूला ऑक्सिजन बेडसाठी धावाधाव चालू होती, त्याच महिन्यात २२ तारखेपासून सरकारने लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी ठेवली होती. आणि लस म्हणाल तर तुमच्या वयाला ती १ मेपासून खुली झाली, पण किडनी बदललेल्या किंवा डायलिसिसवरच्या माणसाच्या शरीरात लस घेऊनही अँटीबॉडी बऱ्याचदा कमी तयार होतात. म्हणून त्यांना आजूबाजूच्यांच्या काळजीवर जास्त विसंबून राहावं लागतं.

ज्यांना जमणारच नव्हतं त्यांना मी यात धरत नाही. धारावीत एका खोलीत आठ-दहा माणसं आणि शौचालय सार्वजनिक, तिथे "वेगळ्या खोलीत राहा" कुणाला सांगणार, म्हणून तर पालिकेने लोकांना शाळांमध्ये वगैरे नेऊन ठेवलं. रोजंदारीवाल्याचंही तसंच. पण तुम्ही लिहिलंय की घरी वरची खोली रिकामी होती, वर्क फ्रॉम होम होतं. तुम्हाला एक लग्न सोडायचं होतं फक्त. त्याच्या आदल्या वर्षी वर्षानुवर्षं चालत जाणाऱ्या वारकऱ्यांनी वारी सोडली होती, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्यांना काय कमी वाटलं असेल का?

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे की मित्राशी वाद घालायला जाऊ नका, आधी विचारा त्याच्या घरी त्या वेळी कोण आजारी होतं. कुणी नसेलही. पण तुम्ही हे अजून विचारलेलंच नाही असं तुमच्या प्रश्नावरून दिसतंय. आणि आताही सर्दी-खोकला असताना कुणा पेशंटला भेटायला जायचं असेल तर जाऊ नका, फोन करा. डबा द्यायचा असेल तर खाली वॉचमनकडे ठेवा, पेशंटसोबत जो असेल तो येऊन घेऊन जाईल.