सँड व्हर्बिना वाळूत कशी टिकते? नागपुरात गच्चीवर कुंडीत येईल का?

हिवाळ्यात यायला हरकत नाही, पण आपल्या काळ्या मातीत लावू नका. पाणी धरून ठेवते, मुळं सडतात. सँड व्हर्बिना (शास्त्रीय नाव अब्रोनिया विलोसा) ही उत्तर अमेरिकेतल्या मोहावे-सोनोरन वाळवंटातली वर्षायू वनस्पती. नर्सरीत ‘व्हर्बिना’ म्हणून मिळते ती वेगळी.

हिच्या फांद्या जमिनीलगत पसरतात, त्यामुळे वाऱ्याचा मार कमी बसतो. खरी गंमत चिकट लवेची. उडती वाळू पानांना चिकटते आणि खाणाऱ्या किड्यांना ती खरखर नकोशी होते. हिच्याच समुद्रकिनारी वाढणाऱ्या एका बहिणीच्या पानांवरची वाळू काढून पाहिली, तर पानं जास्त खाल्ली गेली. म्हणून पानं धूत बसू नका!

ऑक्टोबरअखेर पाऊस पूर्ण थांबल्यावर पेरा. बियांवरचं पंखांचं कागदी टरफल सोलून काढा, नाहीतर रुजवण रखडते. खोल कुंडीत तीन भाग जाड रेती, एक भाग चाळलेली माती. बारीक रेती घट्ट बसते, ती नको. बी अर्धा सेंटिमीटर खोल. उगवेपर्यंत ओल ठेवा, नंतर वरचे ३-४ सेंटिमीटर सुकल्यावरच पाणी. शेणखत जास्त झालं की नुसता पाला माजतो. एप्रिलच्या उन्हाआधी बी गोळा करून ठेवा.