रतनगड ते हरिश्चंद्रगड हा ट्रेक फक्त दोन मित्रांनी करायचा असेल, तर सामान कसं वाटून घ्यावं?

तुम्ही डिसेंबरात तीन दिवसांसाठी दोघंच निघताय आणि सामान निम्मं-निम्मं वाटून वजन उतरवायचा बेत आहे. वाटणी जरूर करा, पण सगळ्याची नको. पाणी, टॉर्च, सुका खाऊ, शिट्टी, गरम कपडा आणि फोनमधला ऑफलाइन नकाशा, हे दोघांकडेही स्वतंत्र हवंच. वाटेतल्या कात्राबाईच्या रानात एक जण पुढे निघून गेला आणि चुकामूक झाली, की नेमकं लागणारं सामान दुसऱ्याच्या पाठीवर असतं. आठ-दहा जणांत हे निभावून जातं.

तंबू नेणार असाल तर कापड एकाकडे आणि काठ्या दुसऱ्याकडे असं करू नका, तशी दोन्ही निरुपयोगी. अख्खा तंबू एकाने घ्यावा, भांडी आणि औषधं दुसऱ्याने. पण माझं मत विचाराल तर तंबूही नको आणि स्टोव्ह तर नकोच. रेल्वेत गॅसचा डबा न्यायला बंदी आहे आणि हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे चूल पेटवायचाही प्रश्न येत नाही. रतनवाडी आणि पाचनई या दोन गडांच्या पायथ्याच्या गावांत आधी फोन करून ठेवला, की घरी पिठलं-भाकरी आणि पडवीत झोपायला जागा मिळते. गडावर मुक्काम करायचा असेल तर त्या वेळी परवानगी आहे का, ते वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या.

मग 40-45 लिटरची सॅक पुरते आणि पाण्यासकट वजन दहा किलोच्या आत राहतं. स्लीपिंग बॅग तळाशी, जड वस्तू मधोमध पाठीला चिकटून, वरच्या कप्प्यात टॉर्च आणि खाऊ. कमरेचा पट्टा हाडावर घट्ट बसवा. तो सैल राहिला की सगळा भार खांद्यावर येतो आणि दुपारपर्यंत मान धरते. बुटांचा सोल मऊ रबराचा हवा. गुळगुळीत सोल कातळावर कसाबसा चालून जातो, पण वाळलेल्या गवतावर आणि घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, अजिबात टिकत नाही. नखं दोन दिवस आधी कापा, नाहीतर कुमशेत गावाकडच्या उतारावर अंगठे काळेनिळे होतात. टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

पहिल्या दिवशी कसारा-घोटी-शेंडीमार्गे रतनवाडी गाठा. मोठ्या सॅक मुक्कामाच्या घरी ठेवून रतनगड हलक्या पिशवीनिशी करून या. शिड्यांवर मोठी सॅक कातळाला घासते आणि मागे ओढते. वर माकडं हातातला खाऊ पळवतात, त्यामुळे पिशवी उघडी टाकू नका. नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, पाहून अंधाराच्या आत खाली या. अमृतेश्वराचं मंदिर गावातच आहे.

खरा कस दुसऱ्या दिवशी लागतो. रतनवाडीहून रानातून चढत कात्राबाईची खिंड, पलीकडे उतरून कुमशेत आणि तिथून पाचनई, अशी दिवसभराची चाल आहे. उजाडताच निघा, माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि वाटेत पाणी मिळेल असं धरून चालू नका. या टप्प्यात चुकायला होतं ते ढोरवाटांमुळे. मळलेली वाट दिसते, माणूस तिच्यामागे जातो आणि ती कारवीच्या झुडपांत विरून जाते. दहा मिनिटं चालूनही वाट बारीकच होत गेली, तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. झाडीतून आडवं घुसून वाट काढायला जाऊ नका. दोघंच असाल तर रतनवाडीतून कुमशेतपर्यंत वाटाड्या घ्याच. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. प्रत्येक फाट्यावर दोघं एकत्र आल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. शिट्टीची खूण ठरवून घ्या: संकटात मिनिटाला सहा वेळा, उत्तर तीन वेळा. आग्या मोहोळ दिसलं की गप्प पुढे सरका. अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. एकाचा पाय मुरगळला तर क्रेप बँडेज बांधून, बूट न काढता, जवळच्या गावाकडे एकत्रच उतरा.

तिसऱ्या दिवशी पाचनईहून वर जाणारी वाट सोपी आहे, कड्याच्या बाजूला रेलिंग आहे. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा पाहायला अर्धा दिवस पुरतो. कड्यावर वारा उलटा वर येतो, त्यामुळे डोकावायचं तर पालथं झोपून, आणि एकाने दुसऱ्याचे पाय धरून. उतरताना तोलार खिंडीने खिरेश्वरला या. तिथून खुबी फाटा पाचेक किलोमीटर आहे, पिंपळगाव जोगे धरणाच्या बांधावरून, सावली अजिबात नाही. या चालीचा तासही वेळापत्रकात धरा आणि गडावरून निघताना बाटल्या भरून घ्या. फाट्यावर माळशेजमार्गे कल्याणकडे जाणारी एसटी मिळते.