तुमचे प्रश्न: नाच बसवताना

लेक कथक विशारद झाली. आता म्हणते, कंटेम्पररी (आधुनिक नृत्य) शिकून कोरिओग्राफर व्हायचं. यात पोट भरतं का?
– एक पालक, अमळनेर

स्वतःच्या रचनांवर क्वचितच. घर चालतं ते शिकवण्या, शाळा-कॉलेजची गॅदरिंगं, नाटकं आणि लग्नातल्या 'संगीत'च्या कार्यक्रमांवर. कंटेम्पररीतले नावाजलेले नर्तक अस्ताद देबू यांचा क्रम बघा. जन्म 1947 चा, नवसारीचा. म्हणजे आपली भुसावळ-सुरत लाइन जिथं संपते, त्याच्या थोडं पुढचा. लहानपणी जमशेदपूरला कथक, मग लंडनमध्ये अमेरिकी नर्तकी मार्था ग्रॅहमचं तंत्र आणि भारतात परतल्यावर, नाव झालेलं असतानाही, ई. के. पणिक्करांकडे कथकली. संगीत नाटक अकादमी पुरस्कार 1995 मध्ये, पद्मश्री 2007 मध्ये. आपल्याच महाराष्ट्रातल्या वाडा गावी जन्मलेल्या भरतनाट्यम नर्तकी चंद्रलेखा तर बरीच वर्षं मंचापासून लांब होत्या. परतल्यावर 1985 मध्ये 'अंगिका' केली, त्यात भरतनाट्यमच्या जोडीला कलरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग आणला. विशारद वाया गेलं असं समजू नका. मात्रा मोजायची सवय आयुष्यभर कामी येते.

बारा जणींचा आठ मिनिटांचा नाच बसवला. तीन मिनिटांनंतर नुसती गर्दी वाटते. काय चुकलं?
– एक शिक्षिका, धुळे

हिशेब मांडून बघा. मिनिटाला 120 ठोके धरले तर आठ मिनिटांत आठ-आठ मात्रांचे 120 तुकडे होतात. इतकं नवं कुणाच्या लक्षात राहत नाही, ना मुलींच्या, ना बघणाऱ्यांच्या. 32 मात्रांचे तीनच तुकडे पक्के करा आणि तेच फिरवा: एकदा जमिनीवर बसून, एकदा प्रेक्षकांकडे पाठ करून, एकदा निम्म्या लयीत, एकदा उलट्या क्रमानं. मागोमाग सुरू करायचं तर अंतर आधी मोजा. दोन-दोन मात्रांनी एकेक मुलगी सुरू झाली तर बारावी 22 मात्रांनंतर हलते. चारचं अंतर ठेवलंत तर 44 नंतर. तोवर पहिलीचा तुकडा संपून ती नुसती उभी.

बाराही जणी सतत मंचावर कशाला? सात जणींना स्तब्ध ठेवा, मग पाच जणींचा नाच दिसतो. आणि गाण्याच्या प्रत्येक ठोक्यावर पाऊल पडलंच पाहिजे हा हट्ट सोडा. हे सगळं वहीत लिहा: मात्रा, जागा, तोंड कुठल्या दिशेला. मोबाइलचा व्हिडिओ बघून शिकवलं की डावं-उजवं हमखास उलटं होतं.

हॉलला स्टाइल फरशी आहे. मुलांच्या नडग्या दुखतात.
– क्लासचालक, जळगाव

फरशीखाली काँक्रीट असतं. उडी मारल्यावरचा सगळा धक्का ते परत नडगीत पाठवतं. नुसतं प्लायवूड अंथरून उपयोग नाही, त्याचा फक्त आवाज होतो. खाली फुटाफुटावर घट्ट फोमचे ठोकळे, त्यावर 12 मिमी प्लायवूडचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. 20 बाय 16 फुटांना 8 बाय 4 च्या थराला 10 शीट, कापकूप धरून एकूण 22 आणा. भिंतीपाशी 10 मिमी फट सोडा, नाहीतर पावसाळी दमटपणात फळी फुगून मधेच उचलते. फोम फार मऊ घेतला तर घोटे मुरगळतात. वर व्हिनाइलची चादर टाकलीत तर ती काढल्यावर गुंडाळून ठेवा, घडी नको. मे महिन्यात ती बसवायच्या चिकटपट्टीचा डिंक पाझरतो, म्हणून पट्टी रोज काढा. टाल्कम पावडर अजिबात नको.

सातपुड्यातल्या काठी गावच्या आदिवासी होळीत नाचणाऱ्या बुध्यांची पावलं रचनेत घेतली तर?
– एक विद्यार्थी, शहादा

तो नवसाचा नाच आहे, तेव्हा आधी तिथल्या जाणत्यांना विचारा. त्यांचे घुंगरू कमरेला असतात, कथकचे पायाला. कमरेवर वजन न बांधता तीच पावलं टाकलीत तर कंबर वेगळीच हलते. ढोलाची लय आणि नाचाचं गोल रिंगण घ्या. मुकुट आणि अंगावरची रंगरंगोटी नको.