रातकिड्यांच्या झुंजी खरंच लावतात का? किडे मरेपर्यंत लढतात का? आपल्या गावच्या जत्रेत असं सुरू करता येईल का?

हो, खरंच लावतात. चीनमध्ये हा नाद शेकडो वर्षांचा आहे. तेराव्या शतकात जिया सिदाओ नावाचा मंत्री होऊन गेला. रातकिडे कसे निवडावेत, कसे पोसावेत यावरचा एक ग्रंथच त्याच्या नावावर आहे. मंगोल फौजा चालून येत होत्या तरी हा गडी झुंजी बघण्यात दंग होता, अशी त्याची आजवर बदनामी आहे. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत (जुन्या चालीरीती मोडून काढायची मोहीम) या खेळावर बंदी आली होती, नंतर तो पुन्हा जोरात सुरू झाला. शानदोंग प्रांतातले नर विशेष नावाजलेले, मोठ्या शहरांतले शौकीन दरवर्षी तिथं खरेदीला जातात.

लढतात फक्त नर. मादी ना लढत, ना किरकिरत. आपल्याकडं फडात जोड बघूनच कुस्ती लावतात, तसं इथंही आधी नाजूक काट्यावर वजन होतं. मग गवताच्या काडीनं किंवा उंदराच्या मिशीच्या केसानं डिवचतात. दोघं आधी एकमेकांना मिशांनी चाचपतात, मग जबडे फाकवून दाखवतात. पुष्कळदा एकजण तेवढ्यावरच माघार घेतो. नाहीतर जबड्यात जबडा अडकवून रेटारेटी होते, तीही थोडाच वेळ. हरलेला गप्प होऊन पळतो, जिंकलेला किरकिरत राहतो. मरणं सोडाच, मोठी इजासुद्धा क्वचितच होते.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. हरलेला नर बराच वेळ, कधी दिवसभरही, पुन्हा लढायला तयार होत नाही. पण चिनी खेळवणारे त्याला ओंजळीत हलवून हवेत दोन-चारदा उडवतात आणि तो पुन्हा भिडतो! ही अंधश्रद्धा वाटेल, पण 2000 साली जर्मनीतल्या संशोधकांनी हरलेल्या रातकिड्यांना वाऱ्याच्या झोतात उडायला लावून तपासलं. उडण्यानं त्यांची लढायची खुमखुमी खरोखर परत आली. त्यांनी वापरलेली जात आपल्याकडंही सापडते. अंगानं काळी, पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके. सोयाबीनच्या रानात काडीकचऱ्याखाली बघा.

त्या मानानं आम्ही परभणीकडं लहानपणी खेळायचो तो खेळ जास्त क्रूर होता. दोन वेगळ्या वारुळांतले काळे मुंगळे काडेपेटीत सोडायचे. मुंगळ्यांना आपलं-परकं अंगाच्या वासावरून कळतं, त्यामुळं परका दिसला की माघार नाही. पाय तुटले तरी जबडा सुटत नाही. रातकिडा स्वतःच्या बिळासाठी आणि मादीसाठी लढतो, जीव वाचला तर पुन्हा संधी आहे. मुंगळ्याला स्वतःची पिल्लंच होत नाहीत, तो वारुळासाठी मरतो. (मरते म्हणायला हवं खरं तर, कामकरी मुंगळे सगळे माद्याच असतात.)

जत्रेचं म्हणाल तर नाद सोडा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव, म्हणजे किडासुद्धा आला. केवळ करमणुकीसाठी प्राण्यांना एकमेकांवर सोडणं हा त्यात गुन्हा आहे. रातकिड्यासाठी कुणी तक्रार करेल का, ते तुम्हीच ठरवा. पण जत्रेत झुंज म्हटली की पैजा आल्याच, आणि पोलीस येतील ते जुगारासाठी.