तिची वही पाहुण्यांना का दाखवलीत?

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. ग्राफिक डिझायनर व्हायचं म्हणते, पण साधा माणसाचा चेहरा धड काढता येत नाही. ओळखीचे दोन चित्रकार घरी आले होते, त्यांना तिची वही दाखवली. दोघंही म्हणाले, ‘हात नाही.’ तिला कसं समजवावं? – एक वडील

उत्तर : वही तिला न विचारता दाखवलीत आणि निकाल सगळ्यांसमोर ऐकवलात. ‘तेव्हापासून ती पेन्सिलच हातात घेत नाही’ हे तुम्ही पुढे तक्रारीच्या सुरात लिहिलंय. दुसरं काय करेल ती? समजवायचं नंतर बघू. आधी तिच्याजवळ जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणा.

आता त्या निकालाबद्दल. हुबेहूब चेहरा काढणं हे चित्रकाराचं, इलस्ट्रेटरचं काम. ग्राफिक डिझायनर अक्षरं, चित्रं, रंग आणि मोकळी जागा यांची मांडणी करतो. चित्र लागलंच तर अनेकदा दुसऱ्याकडून काढून घेतो. म्हणून रेखाटन सोडून द्यावं असं मुळीच नाही. त्याला ते विचार करायला लागतं. काडेपेटीएवढ्या चौकटींत वीस मांडण्या खरडायच्या आणि सतरा-अठरा बाद करायच्या, हे पेन्सिलीने अर्ध्या तासात होतं. थेट सॉफ्टवेअर उघडणारा पहिल्याच कल्पनेला गोंजारत बसतो. अमेरिकी ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेझर यांनी १९७६ मध्ये ‘आय लव्ह न्यूयॉर्क’चं बोधचिन्ह टॅक्सीत बसून, लाल क्रेयॉनने एका पाकिटावर खरडलं. आय, एन, वाय ही तीन इंग्रजी अक्षरं आणि एक बदाम! ग्लेझर उत्तम चित्रकार होते, पण तो बदाम कुणालाही काढता आला असता. सुचला मात्र त्यांना. शिवाय हाताने अक्षरं काढली की नजर तयार होते. इंग्रजी ‘ओ’ हा ‘एच’एवढाच उंच काढला तर बुटका दिसतो, तो किंचित मोठाच ठेवावा लागतो, हे काढून पाहिल्याशिवाय पटत नाही.

युसीड (आयआयटींमधल्या डिझाइन पदवीची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडीची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) प्रवेश परीक्षा, दोन्हींत रेखाटन असतं. नियमित सरावाने तेवढं जमतं. अ‍ॅनिमेशन किंवा इलस्ट्रेशनकडे वळायचं असेल तर मात्र हात पक्काच हवा, तिथे मी सूट देणार नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही वैतागून लिहिलंय, की कॉलेजच्या एका पोस्टरसाठी ती तीन दिवस ‘नुसती अक्षरं इकडून तिकडे सरकवत’ बसली होती. तीन दिवस! अहो, हेच तर ते काम. मला ते पोस्टर बघायचंय. पाठवा, पण या वेळी तिला विचारून.