मारीझ कोंदे यांच्या आजीचा शोध: एका नवलेखिकेस पत्र

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

कोर्लईच्या तुझ्या आजीवरील पुस्तकाची पहिली दोन प्रकरणे वाचली. चौल आणि कोर्लईचा किल्ला १७४० मध्ये मराठ्यांकडे गेला, पोर्तुगीज निघून गेले, तरी त्यांच्या भाषेतून आणि मराठीच्या सहवासातून घडलेली क्रिस्ती बोली गावात टिकून राहिली, हे तू चांगले मांडले आहेस. मात्र या सगळ्यात आजी फारशी दिसत नाही; वारशाचा अभिमान तेवढा पानोपानी दिसतो. म्हणून मारीझ कोंदे या लेखिकेविषयी तुला सविस्तर लिहावेसे वाटले.

कोंदे यांचा जन्म ११ फेब्रुवारी १९३४ रोजी, फ्रेंच अमलाखालील ग्वादलूप या कॅरिबियन बेटावर, प्वांत-आ-पित्र शहरात झाला. आठ भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. आई शिक्षिका होती, घर सुखवस्तू आणि कृष्णवर्णीय होते. पण त्या घरात क्रिओल, म्हणजे बेटावर फ्रेंचपासून घडलेली लोकभाषा, बोलायला मुलांना मनाई होती. बालपणाच्या आठवणींत त्यांनी पॅरिसमधील एक प्रसंग सांगितला आहे. कॅफेतला वाढपी या कुटुंबाच्या उत्तम फ्रेंचचे कौतुक करतो आणि आईवडिलांच्या जिव्हारी लागते, कारण ते स्वतःला त्या वाढप्याइतकेच फ्रेंच समजत असतात. थोरल्या भावाने नंतर लहानग्या मारीझला सांगितले की आपले आईवडील स्वतःपासूनच तुटलेली माणसे आहेत. त्यांच्या पुढच्या लेखनाचे बीज मला या प्रसंगात दिसते.

तरीही त्या लगेच आपल्या बेटाकडे वळल्या नाहीत. पॅरिसमधील शिक्षणानंतर त्यांनी आयव्हरी कोस्ट, गिनी, घाना आणि सेनेगल या देशांत अध्यापन केले. पहिली कादंबरी १९७६ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी आली. 'सेगू' या कादंबरीने त्यांना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला, परंतु तिचे विश्व पश्चिम आफ्रिकेतील बाम्बारा राज्याचे होते. 'विक्त्वार' हे आजीवरील पुस्तक थेट २००६ मध्ये आले. तुझे हस्तलिखित वर्षभरात पूर्ण व्हावे, अशी जी घाई तुला झाली आहे, तिच्या संदर्भात हे लक्षात घे.

'विक्त्वार' तू अवश्य आणि सावकाश वाच. कोंदे यांच्या जन्माआधीच आजी वारली होती. घरात तिचे फक्त एक छायाचित्र होते. मारी-गालांत या लहान बेटावरून आलेली विक्त्वार प्वांत-आ-पित्रमध्ये वालबेर्ग नावाच्या गोऱ्या क्रिओल, म्हणजे बेटावरच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गोऱ्या, कुटुंबाकडे स्वयंपाकीण होती. तिला लिहितावाचता येत नव्हते, फ्रेंचही बोलता येत नव्हते. तिची मुलगी, म्हणजे कोंदे यांची आई, शिकून शिक्षिका झाली. आईची चाकरी आणि मालकाशी तिचे असलेले संबंध यांची बोच या मुलीच्या मनातून कधी गेली नाही. कोंदे हे काहीही झाकत नाहीत. त्या दफ्तरे धुंडाळतात, वृद्धांना विचारतात, आणि माहिती संपते तिथे 'इथून पुढे मी कल्पना करते आहे' हे वाचकाला कळू देतात. शिवाय त्या आजीच्या स्वयंपाकाला निर्मितीचा दर्जा देतात: जिने एकही अक्षर लिहिले नाही, तिच्या रांधण्यातल्या चवी, रंग आणि गंध यांच्याशी त्या आपल्या शब्दांचे नाते जोडतात. त्या स्वतः हौशी सुगरण होत्या, म्हणून त्यांच्या या म्हणण्याला वजन आहे.

क्रिओल वारशाचे गोडवे गाणे त्यांना मान्य नव्हते. १९८९ मध्ये मार्टिनिक या कॅरिबियन बेटावरच्या तीन लेखकांनी क्रिओलपणाचा जाहीरनामा काढला, तेव्हा लेखकाने कसे आणि कशाविषयी लिहावे याचे नियम घालण्यास त्यांनी विरोध केला. मी फ्रेंचमध्ये लिहीत नाही, क्रिओलमध्येही नाही, तर मारीझ कोंदेच्या भाषेत लिहिते, अशी त्यांची भूमिका होती. मला ती पटते. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या 'खारफुटी पार करताना' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या कादंबरीत एका मृताच्या जागरणाला गाव जमते आणि प्रत्येक जण त्याच्याविषयी आपापले सांगतो. त्यात रामसरन हे भारतीय वंशाचे कुटुंबही आहे. १८५४ ते १८८९ या काळात सुमारे ४२ हजार भारतीय मजूर ग्वादलूपला नेले गेले, मुख्यतः दक्षिण भारतातून. गुलामांचे वंशज, गोरे मळेवाले आणि हे मजूर यांच्यातला दुरावा कोंदे लपवत नाहीत. तुझ्या लेखनात मात्र कोर्लईतली सगळी माणसे एकसारखीच चांगली आहेत.

आता कामाचे सांगतो. तुझी आजी अजून बोलते आहे, हे भाग्य कोंदे यांना लाभले नव्हते. तिच्याच बोलीत तिचे बोलणे ध्वनिमुद्रित कर, आणि तिला वारशाविषयी काही विचारू नकोस. चूल, मासळी, बाळंतपणे, उसनवारी यांविषयी विचार. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहायला मिळतात का, याची चौकशी कर. तुझ्या वडिलांनी मुंबईत आल्यावर ही बोली घरात बोलणे का थांबवले, हा प्रश्न तू दुसऱ्या प्रकरणात एका वाक्यात निकालात काढला आहेस. त्यांच्याजवळ बस आणि तो नीट विचार; ते दुखावतील, कदाचित गप्पही राहतील, तर तेही लिही. क्रिस्ती शब्द केवळ पानाची शोभा म्हणून पेरू नकोस. आजीच्या तोंडी जिथे मराठी येते, तिथे मराठीच राहू दे.

तिसरे प्रकरण सध्या लिहू नकोस. आधी वडिलांशी झालेल्या बोलण्याचे टिपण मला पाठव.

तुझे,
सर